पिस्टन बोअरला बसला, तरी मशीन ओढत का नाही?

झाडं तोडायच्या चेनसॉची एक तक्रार सोलापूर भागात सारखी कानावर येते. नवीन किट टाकलं, मशीन दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला चालू होते, मोकळी रेस पण झकास घेते; पण बाभळीच्या बुंध्यात बार घातला की दम टाकते. एअर फिल्टर काढला तर आतून पेट्रोल-ऑईलने ओलाचिंब. कार्बोरेटर दोनदा खोलून झाला, डायफ्रॅम बदलला, प्लग बदलला, तरी फरक शून्य.

अशा वेळी कार्बोरेटरला हात लावण्याआधी पिस्टन बघायला हवा. तो तुटलेला नसतो, घासलेलाही नसतो, अगदी नवा कोरा असतो. फक्त तो त्या मशिनीचा नसतो. बोअर (सिलेंडरचं आतलं भोक) ४५ मिमीचा, पिस्टन ४५ मिमीचा, आत सरकन गेला, म्हणून बसवला. या एका सवयीमुळे चांगली इंजिनं वाया जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला वेगळे व्हॉल्व्ह असतात, त्यांना हलवायला कॅम असतो. नेहमीच्या टू-स्ट्रोक चेनसॉत यातलं काही नाही. सिलेंडरच्या भिंतीला भोकं, म्हणजे पोर्ट, आहेत आणि ती झाकणारा-उघडणारा एकटा पिस्टन आहे. पिस्टन वर जाताना त्याची खालची कड इनटेक पोर्ट उघडते आणि कार्बोरेटरमधलं मिश्रण खाली क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) ओढलं जातं. वर पेट घेतल्यावर पिस्टन खाली ढकलला जातो, तेव्हा त्याच्या डोक्याची कड आधी एक्झॉस्ट उघडते आणि पाठोपाठ ट्रान्सफर पोर्ट. खाली दाबलेलं मिश्रण त्या वाटेने वर येतं. म्हणजे वरची कड एक्झॉस्ट आणि ट्रान्सफरची वेळ ठरवते, खालची कड इनटेकची. पिस्टनचा व्यास या दोन्हींबद्दल काही सांगत नाही. तो आत मावेल की नाही, एवढंच सांगतो.

आता मापं. जुना पिस्टन फेकून देऊ नका, कितीही खराब झालेला असो. तो आणि नवा शेजारी शेजारी उभे करा आणि वर्निअर घ्या.

पहिलं माप पिन-उंचीचं, म्हणजे गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या आडव्या पिनच्या) मध्यापासून डोक्याच्या कडेपर्यंतचं. पिनच्या भोकाच्या वरच्या काठापासून डोक्याच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यात पिनचा अर्धा व्यास मिळवा. पिन १० मिमीची असेल तर ५ मिळवायचे. डोकं फुगीर असलं तरी मधला फुगवटा मोजायचा नाही, कडच मोजायची, कारण पोर्ट उघडते ती कड.

नवा पिस्टन इथे अर्ध्या मिलिमीटरने जरी कमी भरला तरी काय होतं बघा. बोअर ४५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३४ मिमी धरला तर इंजिन ५४ सीसीचं होतं. पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ १५.९ चौरस सेंटिमीटर. कड अर्धा मिमी खाली गेली की पेट घेण्याच्या जागेत ०.८ सीसीची भर पडते. ती जागा मुळात साडेसहा सीसीची असेल तर कॉम्प्रेशन रेशो ९.३ वरून ८.४ वर येतो. शिवाय एक्झॉस्ट लवकर उघडतं आणि उशिरा बंद होतं, एकूण तीन-चार अंशांचा फरक. दोरी हलकी लागते, माणूस खूश होतो, आणि लाकडात जोर कमी पडतो. उलट बाजूने अर्धा मिमी जास्त असेल तर धोका आणखी मोठा. पिस्टनची कड आणि हेड यांत मुळात ०.८ मिमी फट असेल तर ती ०.३ वर येते, आणि पूर्ण वेगात पिस्टन हेडला टेकतो.

दुसरं माप पिनच्या मध्यापासून स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या, तळकडेपर्यंतचं. इनटेकच्या बाजूला वेगळं घ्या, एक्झॉस्टच्या बाजूला वेगळं. सुरुवातीच्या ओल्या फिल्टरचं उत्तर इथे आहे. इनटेककडचा स्कर्ट १ मिमी आखूड असेल तर ३४ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात इनटेक एकूण सहा-सात अंश जास्त वेळ उघडं राहतं. मिनिटाला १२-१३ हजार फेऱ्यांच्या मोकळ्या रेसला त्याने बिघडत नाही, मिश्रण आत धावत असतं. पण बुंध्यात मशीन आठ-नऊ हजारांवर उतरते. तेव्हा पिस्टन खाली येऊ लागलेला असतो, क्रँककेसमध्ये दाब तयार होत असतो आणि इनटेक अजून उघडं असतं. मग आत आलेलं मिश्रण उलटं कार्बोरेटरमधून फिल्टरवर येतं. रेस झकास, ओढ नाही, फिल्टर ओला: तिन्ही लक्षणांचं मूळ एकच.

एक्झॉस्टकडचा स्कर्ट आखूड असेल तर नुकसान वेगळं. पिस्टन अगदी वर असताना सुद्धा एक्झॉस्ट पोर्ट स्कर्टने पूर्ण झाकलेला असायला हवा. नसेल तर खालचं ताजं मिश्रण थेट सायलेन्सरमध्ये जातं. तपासायला दोन मिनिटं लागतात. सायलेन्सर काढा, प्लग काढा, दोरी हळू ओढून पिस्टन पूर्ण वर आणा आणि मोबाईलच्या टॉर्चने पोर्टमध्ये बघा. पोर्टच्या तळाशी पिस्टनच्या खाली काळी फट दिसली तर तो पिस्टन परत करा. नुसती केसाएवढी फट असली तरी परत करा.

आता खिडक्या. बऱ्याच पिस्टनना पिनच्या खाली दोन्ही बाजूंनी मोठ्या खिडक्या कापलेल्या असतात, काहींचा स्कर्ट सलग असतो. बघणाऱ्याला वाटतं की सलग म्हणजे मजबूत, तोच घ्यावा. तसं नाही. हे सिलेंडरवर ठरतं. काही सिलेंडरमध्ये ट्रान्सफरची वाट भिंतीच्या आत बंद असते आणि मिश्रण पिस्टनच्या पोटातून, खिडकीतून त्या वाटेला लागतं. जाता जाता ते डोक्याची खालची बाजू आणि पिनचं निडल बेअरिंग गार करतं, तिथे ऑईल पोचवतं. अशा सिलेंडरला सलग स्कर्ट घातला की मिश्रणाची वाट अडते आणि बेअरिंग तापतं. दुसऱ्या प्रकारच्या सिलेंडरमध्ये ट्रान्सफर म्हणजे बोअरच्या बाजूने उघडी असलेली खाच असते. तिची आतली भिंत पिस्टनचा स्कर्टच बनतो. तिथे खिडकीचा पिस्टन घातला तर मिश्रण वाटेतच फुटतं, वर नीट दिशेने जात नाही.

ती दिशा फार महत्त्वाची आहे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत पिस्टनच्या डोक्यावर एक उंच धार ठेवायचे, मिश्रण सरळ एक्झॉस्टमधून निसटू नये म्हणून. ते डोकं जड व्हायचं आणि एका बाजूने जास्त तापायचं. १९२० च्या दशकात जर्मन अभियंता अडॉल्फ श्नुर्ले यांनी ट्रान्सफरची तोंडं एक्झॉस्टच्या उलट दिशेला वळवली. मिश्रण मागच्या भिंतीवर आपटून वर जातं, वळसा घेऊन खाली येतं आणि धूर पुढे ढकलतं. त्यामुळे डोकं सपाट किंवा किंचित फुगीर ठेवता आलं. आजची चेनसॉ याच वळशावर चालते.

ज्या नव्या मशिनी इंधन वाचवतात, उदाहरणार्थ स्टिलच्या टू-मिक्स किंवा हस्कवर्नाच्या एक्स-टॉर्क, त्यांच्या पिस्टनला बाजूंना बशीसारखे खळगे असतात. पिस्टन वर असताना त्या खळग्यांतून नुसती हवा ट्रान्सफरच्या वाटेत भरली जाते. पोर्ट उघडलं की आधी ती हवा बाहेर पडते, मागून मिश्रण येतं, त्यामुळे कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये कमी जातं. अशा सिलेंडरला खळगे नसलेला पिस्टन, बोअर तोच असला तरी, चालत नाही. हवेची वाटच बंद होते आणि मशीन कार्बोरेटरच्या कुठल्याच स्क्रूला दाद देत नाही.

वजन करा. पिस्टन, रिंगा, पिन आणि लॉक (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) एकत्र, सोनार वापरतात तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर. मिनिटाला १२,५०० फेऱ्यांना ३४ मिमी स्ट्रोकचा पिस्टन वरच्या टोकाला थांबून परत फिरतो, तेव्हा त्याच्यावरचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,८०० पट असतो. म्हणजे एक ग्रॅमचे तिथे ३.८ किलो होतात. पिस्टन दहा ग्रॅमने जड निघाला तर दर फेरीला कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर ३८ किलोचा जादा ओढा. क्रँकचा तोल जुन्या पिस्टनच्या वजनावर बेतलेला असतो, त्यामुळे हँडलला मुंग्या आणणारी थरथर वाढते. दिवसभर मशीन धरणाऱ्याच्या बोटांचा हा प्रश्न आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नये. हलका पिस्टनही डोळे झाकून घेऊ नका. स्कर्ट नको इतका कापून हलका केलेला पिस्टन बोअरमध्ये डुलतो आणि कड तडकते.

रिंगांबद्दल माझं मत ठाम आहे. आपल्याकडचं लाकूड म्हणजे बाभूळ, चिंच, कडुलिंब, कॅनॉलच्या कडेची वेडी बाभूळ. मशीन लांब वेळ पूर्ण थ्रॉटलला राहते आणि तापते. अशा कामाला दोन रिंगांचा पिस्टन बरा. पिस्टनच्या डोक्याची बरीचशी उष्णता रिंगांतून सिलेंडरला जाते, आणि एक रिंग झिजली तरी दुसरी काही काळ सांभाळून घेते. एका रिंगेचा पिस्टन हलका असतो, घर्षण कमी, रेस चटकन घेतो. छाटणीच्या छोट्या मशिनीला तो योग्यच आहे. पण मूळ पिस्टन एका रिंगेचा असेल तर हौसेने दोनचा शोधू नका, वरची मापं जुळणं पहिलं.

रिंगेची जाडी खाचेशी जुळवा. १.२ आणि १.५ मिमी दोन्ही बाजारात मिळतात, आणि १.५ च्या खाचेत १.२ ची रिंग फडफडते, खाच रुंदावते आणि शेवटी तुटते. टोकांतली फट मोजायला रिंग मोकळ्या सिलेंडरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि फीलर गेज लावा. ४५ च्या बोअरला ०.२ ते ०.३ मिमी चांगली. १ मिमीच्या पुढे गेली तर रिंग बदला. खाचेत एक बारीक खुंटी असते, तिथेच रिंगेची टोकं यायला हवीत. ही खुंटी मुद्दाम अशा जागी ठेवलेली असते की टोकं कुठल्याही पोर्टवरून जाऊ नयेत. पिस्टन उलटा बसला की टोकं पोर्टसमोर येतात, बाहेर डोकावतात आणि पहिल्या रेसला मोडतात. म्हणून डोक्यावरचा बाण नेहमी एक्झॉस्टकडे.

आता हवामान, कारण सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज पक्का आहे. मे महिन्यात ४३ अंशांत मशीन सीझ झाली (पिस्टन चिकटून बसला) की लोक म्हणतात, गरम हवेने मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं. खरं तर गरम हवा विरळ असते. ४३ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ, त्यामुळे त्याच स्क्रूवर मिश्रण उलट घट्ट होतं आणि मशिनीचा जोर कमी होतो. मग काय होतं, तर मे महिन्यात जोर कमी वाटतो म्हणून कुणीतरी कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) आवळून पेट्रोल कमी करतो. ती मशीन तशीच राहते. जानेवारीत, गड्डा जत्रेच्या दिवसांतल्या गार पहाटे तीच मशीन बुंध्याला लावली की दाट हवा मिळते, पेट्रोल तेवढंच, मिश्रण खरोखर पातळ होतं, आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने चिकटतो. उन्हाळ्यातला सीझ बहुतेक वेळा भुश्याने भरलेल्या पाकळ्यांमुळे होतो: सिलेंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पाकळ्यांत ऑईल-भुश्याचा थर बसतो आणि हवा खेळत नाही. ब्रशने पाकळ्या साफ ठेवणं हे कुठल्याही महागड्या पिस्टनपेक्षा जास्त उपयोगाचं.

पेट्रोलचाही वाटा आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या स्क्रूवर मिश्रण पातळ पडतं. बहुतेक चेनसॉच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. हेच पेट्रोल वापरावं लागत असेल तर एच स्क्रू पुन्हा जुळवा, मिक्स लागेल तेवढंच करा आणि काम संपल्यावर टाकीत ठेवू नका. ते पाणी ओढून घेतं. ऑईल ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली, आणि मापाच्या भांड्यानेच. झाकणाने अंदाजे ओतू नका.

पिस्टन आणि बोअर यांतली फट का हवी, हेही इथेच सांगून टाकतो. पिस्टन ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचा असतो. ४५ मिमीचा पिस्टन २०० अंशांनी तापला की सुमारे ०.१८ मिमी फुगतो. सिलेंडरही ॲल्युमिनियमचाच, आतून क्रोम किंवा निकेलचा कडक थर दिलेला, तोही फुगतो, पण पाकळ्यांमुळे गार राहून कमी. मशीन चालू केल्या केल्या पूर्ण रेस दिली तर पिस्टन आधी फुगतो, सिलेंडर मागे राहतो. मग चार कोपऱ्यांत उभे ओरखडे येतात. डोकं सर्वांत जास्त तापतं म्हणून चांगला पिस्टन वर किंचित निमुळता आणि किंचित लंबगोल घडवलेला असतो. व्यास मोजायचा तो स्कर्टच्या खालच्या भागात, पिनच्या काटकोनात. वर, खाली, आडवा, उभा सगळीकडे एकच माप देणारा पिस्टन स्वस्तात घडवलेला आहे, तो लवकर चिकटेल.

जुना पिस्टन का गेला हे वाचल्याशिवाय नवा घालू नका, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. फक्त एक्झॉस्टकडे ओरखडे: पातळ मिश्रण, हवेची गळती किंवा बंद पाकळ्या. चहूबाजूंनी ओरखडे: ऑईल विसरलं, बिनऑईलचं पेट्रोल गेलं. इनटेककडचा स्कर्ट राखाडी, घासून निस्तेज झालेला: फिल्टरमधून धूळ गेली, काळ्या रानातली बारीक माती आणि वेडी बाभळीचा सुका भुसा फाटक्या फिल्टरमधून सहज जातो. डोक्याची कड वाळूने खाल्ल्यासारखी खडबडीत: ठोका येत होता, म्हणजे मिश्रण वेळेआधी किंवा एकदम भडकत होतं. हा ठोका बऱ्याचदा सिलेंडरखालचं पॅकिंग काढून कॉम्प्रेशन वाढवल्यामुळे येतो. आपल्या उन्हात, साध्या पेट्रोलवर, दिवसभर चालणाऱ्या मशिनीला तो उद्योग करू नये.

सिलेंडरला पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असेल तर तेवढ्याच जागी बारीक पॉलिश पेपर फिरवा. आतला थर निघून खालची चकाकी दिसली तर सिलेंडर बदलावाच लागेल, त्यात नवा पिस्टन घालून पैसे घालवू नका.

बसवताना क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ कापड कोंबा, म्हणजे लॉक आत पडणार नाही. लॉक दोन्ही नवे घ्या. त्याचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं कधीच नाही. पिस्टनचा झटका वर-खाली असतो, आडवं तोंड त्या झटक्याने दबतं आणि लॉक निसटून सिलेंडर चिरतो. निडल बेअरिंगला, पिनला, रिंगांना टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑईल लावा. मग प्लगच्या भोकातून १.५ मिमीची सोल्डरची तार पिनच्या रेषेत भिंतीपर्यंत घालून एकदा दोरी ओढा, तार बाहेर काढून चेपलेलं टोक मोजा. दुसऱ्या बाजूनेही तसंच. ०.५ च्या खाली आलं तर पिन-उंची चुकली आहे, मशीन चालू करू नका. सहा-सातदा दोरी ओढून कॉम्प्रेशन मीटरवर १४०-१५० पीएसआय दिसलं की निर्धास्त व्हा.

पहिली टाकी हलक्या फांद्यांवर घालवा. रेस चढ-उतार करत, मोकळी पूर्ण रेस न देता. ती टाकी संपली की मशीन पूर्ण थंड होऊ द्या आणि सिलेंडरचे चारही बोल्ट आलटून पालटून तिरपे पुन्हा आवळा; पहिल्या तापण्यात पॅकिंग दबतं आणि ते थोडे सैल होतात.